साडेएक्याण्णववर तासगाव

आमच्या सॅम्पल रूममध्ये एक नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता पण सगळ्यांना पाठ होता, रेडिओच्या बटणाला फक्त कोमाद्रे हात लावणार. ओलावा मोजायच्या मशीनच्या वर एक फळी, त्या फळीवर चिकट झालेला काळा रेडिओ, अँटेना तुटली म्हणून तिथे बेदाण्याच्या खोक्याची तार गुंडाळलेली, आणि काटा कायम ९१.५ वर. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मला वाटलं जरा इंग्रजी बातम्या लावाव्यात म्हणून हात पुढे केला, तर खोलीतल्या तिघीजणी अशा काही बघायला लागल्या की मी हात तसाच पुढे नेऊन फळीवरची धूळ पुसली.

हे कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या दक्षिणेला सेल्मा म्हणून गाव आहे तिथलं. जगाची बेदाणा राजधानी असं ते गाव स्वतःला म्हणवून घेतं. आता मी मूळची तासगावची, त्यामुळे हे वाचून पहिल्यांदा मी जोरात हसले होते. लग्न करून नवऱ्यामागे आले तेव्हा फ्रेस्नो कुठे आहे हेही धड माहीत नव्हतं, पुढे एच-फोरवाल्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या काही जणींना कामाची परवानगी मिळायला लागली २०१५ मध्ये, त्यात माझाही नंबर लागला, आणि फूड टेक्नॉलॉजीची डिग्री घेऊन मला नोकरी मिळाली ती बेदाण्याच्या प्लान्टमध्ये. घरी फोन केला तर आज्जी म्हणाली, "एवढं इमानानं जाऊन पण बेदाणाच निवडतीस व्हय गं?"

खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागात जुनी माणसं अजून ज्याला नुसतं 'थॉमसन' म्हणतात ते द्राक्ष इथूनच तर आलं. विल्यम थॉमसन नावाच्या माणसाने १८७० च्या दशकात उत्तर कॅलिफोर्नियात युबा सिटीच्या बाजूला ही बिनबियांची वेल लावली, त्याच्या नावाने ती ओळखली जायला लागली, आणि तिच्यातूनच पुढे आपल्याकडे तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन असं सगळं खानदान उभं राहिलं. फरक एवढाच की आपल्याकडे डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात म्हणून बेदाणा हिरवट पिवळा होतो, आणि इथे ऑगस्टच्या शेवटी घड तोडून दोन ओळींच्या मध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावर सरळ उन्हात टाकतात, दोन-तीन आठवडे, म्हणून तो काळपट तपकिरी. पहिल्यांदा ते शेत बघितलं तेव्हा मला वाटलं पाऊस आला तर? तेच टेन्शन इथल्या शेतकऱ्याला असतं, तेच आकाशाकडे बघणं. बाबांना सांगितलं तर त्यांना जरा बरं वाटलं.

तर कोमाद्रे. हे तिचं नाव नाही. कोमाद्रे म्हणजे आपल्या मुलाची धर्ममाता झालेली बाई, म्हणजे रक्ताचं नातं नाही पण चर्चमध्ये पाणी शिंपडून पक्कं केलेलं, आणि ती प्लान्टमधल्या इतक्या पोरांची धर्ममाता झाली होती की सगळेच तिला तसं म्हणायला लागले. वीस वर्षं नमुन्यातले देठ आणि काड्या मोजत होती. ट्रे हलवला की नुसतं बघून सांगायची यात काडी जास्त आहे, आणि मग मी मोजायचे, आणि काडी जास्तच निघायची. मला ती मिहा म्हणायची, म्हणजे पोरी. तिच्याकडूनच मी स्पॅनिश शिकले, तिच्याकडून आणि रेडिओकडून, आणि गंमत म्हणजे बऱ्याच महिन्यांनी मला कळलं की स्पॅनिश ही तिचीसुद्धा भाषा नव्हे. ती मेक्सिकोतल्या वाहाका राज्याची, मिश्तेक या तिथल्या मूळ जमातीची, घरात बोलायची ती भाषा वेगळीच, स्पॅनिश शाळेत मार खाऊन शिकलेली. म्हणजे मी ज्या ठसक्यात स्पॅनिश बोलते तो ठसका आधीच एकदा परका झालेला आहे.

आता ९१.५ वर काय लागायचं ते सांगते. अमेरिकेत रेडिओ धंद्याची जी वर्गवारी आहे त्यात याला 'रिजनल मेक्सिकन' म्हणतात. मला हे नाव कधी आवडलं नाही. म्हणजे लावणी, पोवाडा, भारूड, कोळीगीत, बँजो पार्टी आणि बेळगावकडचं भजन सगळं एका पोत्यात भरून वर 'प्रादेशिक महाराष्ट्रीय' असं लेबल लावायचं, तसलं ते. त्या पोत्यात हालिस्कोकडचं मारियाची आहे, उत्तरेकडच्या राज्यांतलं अकॉर्डियन आणि बारा तारांच्या बाहो सेक्स्तोचं नोर्तेन्यो आहे, सिनालोआचा बांदा आहे, टेक्सासकडचं तेहानो आहे, शिकागोत जोर धरलेलं दुरांगेन्से पण आहे. पण डबा उघडल्यावर वास प्रत्येकाचा वेगळा येतो. पहिले दोन-तीन महिने मला सगळं सारखंच ऐकू यायचं, नंतर कान असे तयार झाले की पहिल्या चार ठोक्यांत मी सांगायचे हा बांदा, हे नोर्तेन्यो, आणि कोमाद्रे मान डोलवायची.

बांदा ऐकून तर मी पहिल्याच आठवड्यात चाट पडले होते कारण तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा होता. ट्युबा, ट्रम्पेट, क्लॅरनेट, आणि खाली तो तांबोरा नावाचा ढोल, डोळे मिटले तर आमच्या गल्लीतून वरात चाललीय. माझे एक चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बँड पार्टीत क्लॅरनेट वाजवायचे, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी, पायात मात्र चप्पल. आपल्याकडे ही पितळी वाद्यं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आली आणि लग्नात शिरली, आणि तिकडे मेक्सिकोतसुद्धा लष्करी बँड होतेच, वर माझात्लानसारख्या बंदरात जर्मन व्यापारी येऊन राहिले, त्यांची वाद्यं, त्यांचा पोल्का, त्यांचा वॉल्ट्झ तिथल्या माणसांनी उचलला आणि असा काही स्वतःचा करून टाकला की आता कोणी जर्मन म्हटलं तर मारामारी होईल. एल रेकोदो नावाच्या खेड्यातला क्रूस लिसारागाचा बांदा १९३८ पासून वाजतोय, अजून वाजतोय, माणसं बदलली. अकॉर्डियनचंही तेच, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोत आलेल्या जर्मन, चेक, पोलिश लोकांच्या हातातून ते शेतमजुरांच्या हातात गेलं. आणि आपली पेटी तरी कुठली, तीही तिकडूनच आलेली, तिच्याशिवाय एक कीर्तन होत नाही आता.

पण रेडिओचं म्हणाल तर मला त्यातली गाणी नंतर आवडली, आधी आवडले ते सालुदोस. सालुदोस म्हणजे नमस्कार. कोणीतरी फोन करायचं आणि सांगायचं की अमुक रांचोच्या म्हणजे वस्तीच्या, तमुक पुएब्लोच्या म्हणजे गावच्या सगळ्या लोकांना नमस्कार, मडेराला द्राक्ष तोडणाऱ्या माझ्या भावाला, इकडे पार्लियरला राहणाऱ्या वहिनीला, आणि हो, तिकडे गावी असलेल्या आईला. निवेदक ती सगळी नावं एका दमात म्हणायचा आणि मग गाणं लावायचा. हे ऐकताना मला काय आठवायचं हे तुम्हाला सांगायला नको, 'आपली आवड'. सांगली आकाशवाणी, आणि फर्माईश करणाऱ्यांची ती लांबलचक यादी, कवठे महांकाळहून अमुक, विट्याहून तमुक आणि त्यांचे सर्व मित्रमंडळ. गाणं तीन मिनिटांचं आणि यादी चार मिनिटांची. आज्जी गाण्याला उठून कामाला जायची आणि यादी लागली की परत येऊन बसायची. मला तेव्हा हे कळायचं नाही. इथे सेल्मात, कुणाला ओळखत नसताना, मी मेक्सिकोतल्या न पाहिलेल्या खेड्यांची नावं ऐकत बसायचे आणि मला बरं वाटायचं. हा काय प्रकार आहे ते तेव्हा समजलं नाही.

हे स्टेशन साधं गाण्यांचं दुकान नाही हे कळायला वेळ लागला. रादिओ बिलिंग्वे त्याचं नाव. ते सुरू केलं ऊगो मोरालेस या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी, तो स्वतः वाहाकाचा मिश्तेक, लहानपणी आईवडिलांबरोबर उत्तर कॅलिफोर्नियात शेतावर राबलेला आणि तिथून हार्वर्डला गेलेला, कायदा शिकलेला. एवढं शिकून माणूस वॉल स्ट्रीटला जातो, हा फ्रेस्नोला आला. १९७६ ला संस्था झाली आणि १९८० च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला मुद्दाम, ९१.५ वर पहिलं प्रक्षेपण. इथे एफएमच्या पट्ट्यात ८८ ते ९२ हा भाग जाहिराती नसलेल्या स्टेशनांसाठी राखून ठेवलेला असतो, म्हणून अशी स्टेशनं काट्याच्या डाव्या टोकाला दाटीवाटीने बसलेली सापडतात, उजवीकडे सगळा बाजार. पुढे तीन वर्षांनी, १९८३ ला, शेतमजुरांचा पुढारी सेझार चावेझनेही शेतमजुरांसाठी स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं. हा सगळा पट्टा असाच आहे, डेलानो इथून तासाभरावर, तिथेच १९६५ च्या सप्टेंबरमध्ये द्राक्षमजुरांचा संप सुरू झाला. सुरू केला फिलिपिनो मजुरांनी, मग मेक्सिकन त्यात आले, आणि तो पाच वर्षं चालला. लोक द्राक्षं खायची बंद झाली. बाबांना मी हे सांगितलं तर ते द्राक्ष बागायतदार म्हणून थोडे अस्वस्थ झाले, पण तो वेगळा विषय.

आणि मजुरांची पहाटे रेडिओ ऐकायची सवय तर त्याच्याही आधीची. १९३० च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये पेद्रो गोन्सालेस नावाचा गायक होता, तरुणपणी मेक्सिकोच्या क्रांतीतल्या पांचो व्हियाच्या सैन्यात तारायंत्र चालवणारा, त्याचा कार्यक्रम पहाटे ४ ते ६. का, तर त्या वेळी इंग्रजी ऐकणारी माणसं झोपलेली असतात, वेळ स्वस्तात मिळायचा, रेडिओवाल्यांना वाटायचं कोण ऐकतंय. आणि नेमकी तीच वेळ म्हणजे मजूर उठून डबा भरायची. ग्रुपचं नावच लोस माद्रुगादोरेस, पहाटे उठणारे. तो मजुरांना कामं कुठे आहेत ते सांगायचा आणि मंदीत मेक्सिकन लोकांना गाड्या भरभरून परत पाठवत होते त्यावर बोलायचा. १९३४ ला त्याला एका खटल्यात अडकवून सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात टाकलं, जिने आरोप केला होता ती मुलगी नंतर म्हणाली की खोटं होतं, तरी सहा वर्षं आत, आणि १९४० ला सुटला तो थेट देशाबाहेर. आवाज नुसता गोड असता तर कदाचित वाचला असता.

मोठ्या धंद्याला मात्र हा श्रोता दिसायला बरीच वर्षं लागली. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ९७.९ ने रांचेरा आणि बांदा लावायला सुरुवात केली आणि थोड्याच महिन्यांत ते शहरातलं एक नंबरचं स्टेशन झालं, इंग्रजीसकट सगळ्यांना मागे टाकून. जाहिरातवाल्यांना म्हणे विश्वास बसेना. भांडी घासणारे, गवत कापणारे, फळं तोडणारे, या सगळ्यांच्या कानाशी रेडिओ होताच, फक्त कोणी विचारलं नव्हतं. आणि २००६ च्या मार्चमध्ये याच लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर कागदपत्रं नसलेल्यांविरुद्धच्या कायद्याला विरोध करायला लाखो लोक उतरले ते बऱ्याच अंशी सकाळच्या स्पॅनिश निवेदकांनी सांगितलं म्हणून. पांढरे कपडे घाला, झेंडे शांतपणे धरा, कचरा करू नका, एवढ्या सूचना रेडिओवरून.

आमच्या प्लान्टमध्ये मोठं राजकारण नव्हतं, पण काट्याचं राजकारण होतं. फोर्कलिफ्टवाली पोरं सॅम्पल रूममध्ये आली की हळूच म्हणायची कोमाद्रे जरा दुसरं लाव की, म्हणजे उजवीकडचं एखादं जाहिरातीवालं, जिथे कोरिदोस तुम्बादोस लागतात. पातळ आवाज, गिटार, आणि शब्दांत गाड्या, घड्याळं आणि असे धंदे की ज्यांचा उल्लेख कोमाद्रेसमोर चालायचा नाही. कोरिदो म्हणजे तसा पोवाडाच हो. अमुक साली, अमुक गावी, ऐका मंडळी काय घडलं, शूर माणूस, दगाबाज शिपाई, आणि शेवटी रामराम. १९०१ मध्ये टेक्सासात शेरिफला गोळी घालून दहा दिवस पायी आणि घोड्यावरून पळालेल्या ग्रेगोरियो कोर्तेसचा कोरिदो अजून गातात. कोमाद्रेचं म्हणणं, आधीचे कोरिदो गरिबाचे होते, आताचे श्रीमंत चोराचे. मी मध्ये पडून म्हटलं की आमचे शाहीरही ज्याचं खायचे त्याचंच गायचे बऱ्याचदा, तर तिने मला देठ मोजायला बसवलं. पण २०२३ ला एस्लाबोन अर्मादो नावाचा बँड पेसो प्लुमाबरोबर केलेलं एक गाणं घेऊन बिलबोर्डच्या हॉट १०० मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या मुख्य यादीत, पार चौथ्या नंबरपर्यंत गेला, या जातीचं गाणं तिथवर पहिल्यांदाच पोचलं, आणि ती पोरं कुठली तर पॅटरसनची, आमच्याच व्हॅलीतली, तेव्हा फोर्कलिफ्टवाल्यांनी कोमाद्रेला अख्खा आठवडा सोडलं नाही. तिने एक दिवस, फक्त एक दिवस, काटा उजवीकडे नेला. दुपारच्या जेवणानंतर परत ९१.५.

तिचे देव म्हणजे लोस टिग्रेस देल नोर्ते. सिनालोआतल्या रोसा मोरादाची भावंडं, १९६० च्या दशकाच्या शेवटी पोरवयात सॅन होजेला आली आणि तिथलीच झाली. सॅन होजे म्हणजे आपल्या अर्ध्या पुण्याचं माहेर, माझ्या नवऱ्याचे किती मित्र तिथे राहतात, एकालाही हे नाव माहीत नव्हतं. मलाही नव्हतंच म्हणा. त्यांचं एक गाणं आहे सोन्याच्या पिंजऱ्याचं, कागदपत्रं नसलेल्या बापाचं, त्याची पोरं त्याची भाषा बोलत नाहीत आणि गावी परत जायचं म्हटलं तर नको म्हणतात. ते लागलं की खोलीत कोणी बोलायचं नाही. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची, नुकतं बोलायला लागली होती. मी त्या दिवशी घरी जाऊन तिच्याशी जरा जास्तच मराठी बोलले, इतकी की ती कंटाळून झोपली.

पण मी काही कोमाद्रे नव्हे आणि तसं भासवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे कागद होता. २०२५ च्या जानेवारीत खाली केर्न काउंटीत बॉर्डर पेट्रोलने धरपकड केली, आमच्यापासून दीड तासावर, आणि दुसऱ्या दिवशी आमची लाइन अर्धी रिकामी. कोमाद्रे आली होती, तिचं सगळं रीतसर आहे, पण तिच्या धर्मलेकरांचं सगळ्यांचं नव्हतं. त्या आठवड्यात रेडिओवर गाणी कमी आणि बोलणं जास्त होतं, दार उघडायचं की नाही, सही करायची की नाही, वकील काय सांगतो, मुलं शाळेत असतील तर त्यांना कोण घेणार. सगळं शांत आवाजात, एरवी पाणी प्या, सावलीत बसा असं उन्हाळ्यात सांगतात त्याच आवाजात. मी ट्रे हलवत होते आणि मला प्रत्येक शब्द समजत होता, आणि पहिल्यांदाच वाटलं की समजलं नसतं तर बरं झालं असतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात वॉशिंग्टनने सार्वजनिक रेडिओचं अनुदान काढून घेतलं. कोमाद्रेने वर्गणी वाढवली आणि आम्हा सगळ्यांकडून पण पैसे काढले, गणपतीच्या पावतीपुस्तकासारखे, दहा डॉलरच्या खाली घेईना.

रविवारी तिथे 'ला ओरा मिश्तेका' लागतं. मिश्तेक भाषेत आणि स्पॅनिशमध्ये, आणि ते नुसतं इकडे नाही तर तिकडे मेक्सिकोतल्या छोट्या स्टेशनांवरूनही ऐकू जातं, म्हणजे फ्रेस्नोत बसून केलेला नमस्कार डोंगरातल्या म्हातारीपर्यंत पोचतो. सीझनमध्ये रविवारी पण काम असायचं, तेव्हा मी कोमाद्रेला ते ऐकताना बघितलंय. ती ट्रेकडे बघत नाही. गावांची नावं लागली की ओठ हलतात, गाण्याच्या वेळी नाही हलत. अगदी आमच्या आज्जीसारखं.

आता शेवटचं सांगते, हे ज्यासाठी लिहायला बसले ते. गणपती आणि इथला बेदाण्याचा सीझन एकाच वेळी येतात. तासगावला चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ असतो, पटवर्धनांच्या देवळातला उजव्या सोंडेचा गणपती, आणि तो उंच रथ दोर लावून माणसं ओढतात, गुलाल, पेढे, खोबरं. मी सकाळच्या सुट्टीत फोनवर त्या दिवशीचा व्हिडिओ बघत होते, डोळ्यात पाणी बिणी नव्हतं, नुसती बघत होते. कोमाद्रे मागून आली, बघितलं, विचारलं हे काय, तुझं पुएब्लो का, कुठला संत आहे. मी म्हटलं आहे एक, हत्तीचं डोकं असलेला. तिने मान हलवली, जसं काही तसलेही असतात, आणि गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने दोनदा म्हणून बघितलं. मग भिंतीवरचा फोन उचलला.

दहा मिनिटांनी रेडिओवर आलं. निवेदकाने आधी सेल्माच्या सगळ्या बेदाणेवाल्यांना नमस्कार केला, मग कोमाद्रेच्या गावाला, मग म्हणाला आणि आज जत्रा साजरी करणाऱ्या तास्काव गावच्या सर्व लोकांना, आणि थांबला, आणि म्हणाला, तास्काव हे बहुतेक आपल्या मेक्सिकोतल्या गेरेरो राज्यात येतं ना, तिकडच्या डोंगरात? खोलीतल्या बायका हसून हसून टेबलावर पडल्या. कोमाद्रे परत फोन करायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. राहू दे म्हटलं, असू दे डोंगरात.

मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, नमस्कार आणि पुढचं गाणं, बांदाच होता, क्लॅरनेटवाला तर नुसता सुटला होता. घरच्या ग्रुपवर टाकलं. आई म्हणाली कोण गं हा बाप्या, आपलं नाव असं का घेतोय. बाबांनी हात जोडलेले पाठवले. आज्जी असती तर तिने नाव तेवढं परत परत लावायला सांगितलं असतं. अण्णा आता वाजवत नाहीत, दात गेलेत, त्यांचा दुसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेज आला. आधी बराच वेळ नुसता खोकला, मग म्हणाले, "क्लॅरनेट ब्येस वाजिवतोय पोरगं. पर लई पळवतंय. त्येला सांग, वरात हाय, नवरदेवाचं घोडं दमंल."